संधिवात आहे, पण कोणता?

"संधिवात आहे, जरा शेक द्या." आमच्या फिजिओथेरपी केंद्रात रोज कुणीतरी असं म्हणत येतं. शेक देण्याआधी आम्ही विचारतो, सकाळी उठल्यावर सांधे मोकळे व्हायला किती वेळ लागतो?

अर्ध्या तासाच्या आत मोकळे होत असतील, आणि पर्वतीच्या पायऱ्या उतरताना गुडघा जास्त बोलत असेल, तर बहुधा ती झीज. इथे शेकाने बरं वाटतं, पण खरा आधार मांडीच्या स्नायूंचा. खुर्चीत बसून पाय सरळ करा, पाच आकडे मोजा, हळूहळू खाली आणा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, रोज. वजन एक किलो उतरलं, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. दुखतं म्हणून चालणं सोडू नका.

एक काकू अशाच गुडघ्यासाठी आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "सकाळी दुधाची पिशवी कापायला कात्रीसुद्धा धरवत नाही." हात पाहिले, तर दोन्हीकडे बोटांची मुळं सारखीच सुजलेली आणि मूठ वळायला तासाच्या वर वेळ. हा ऱ्हुमॅटॉइड संधिवात असू शकतो. यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. त्यांना आम्ही आधी संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं, कारण एकदा खराब झालेला सांधा पूर्ववत होत नाही. सुरुवातीचे महिने वाया घालवू नयेत, असं आम्ही कळकळीने सांगतो. यात मेथोट्रेक्सेट दिलं असेल तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा.

रात्रीतून पायाचा अंगठा लालभडक झाला, चादरीचा स्पर्शही सोसवेना, तर गाऊटची शक्यता मोठी. सांध्यात युरिक ॲसिडचे स्फटिक साचतात. तेव्हा शेक नको, चोळणं तर नकोच. कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवा. ऐन दुखण्यात युरिक ॲसिडचा रिपोर्ट नॉर्मलही येतो, त्यावर विसंबू नका. युरिक ॲसिड कमी करणारी गोळी ठणका थांबला म्हणून परस्पर बंद करू नका.

येताना जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं आणा. सांधा अचानक सुजून गरम झाला आणि अंगात ताप असेल, तर आमच्याकडे वेळ न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.