सकाळी माज, संध्याकाळी कांडी: नियमामागची गोष्ट

‘सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी’ हे सांगलीतल्या आटपाडी-विट्याकडच्या गोठ्यांत पोरासोरांनाही पाठ असतं. माज म्हणजे गाय फळायला तयार असल्याची चिन्हं; भरवणं म्हणजे वळू दाखवून किंवा गोठवलेल्या रेताची (वीर्याची) कांडी, म्हणजे बारीक नळी, वापरून तिला फळवणं. हा नियम १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या नेब्रास्कात गाईंच्या नोंदींवरून ठरला. तो का लागू पडतो, याचं निम्मं उत्तर तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते १९५१ मध्ये हाती लागलं. अमेरिकेतल्या एका आणि ऑस्ट्रेलियातल्या दुसऱ्या संशोधकाला, एकमेकांच्या नकळत, एकच गोष्ट दिसली: सस्तन प्राण्यांचे शुक्राणू मादीच्या शरीरात काही तास काढल्याशिवाय अंड्यात शिरत नाहीत. पुढच्या वर्षी याला ‘कपॅसिटेशन’ नाव पडलं. मराठीत ‘सक्षमीकरण’ म्हणावं, तर बचत गटाचा मेळावा डोळ्यांपुढे येतो! पण घोळ मूळ शब्दातच आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, शुक्राणूला काहीतरी मिळतं. होतं उलटंच. रेतातल्या द्रवाने त्याच्यावर चढवलेली प्रथिनं गळतात, त्याच्या बाहेरच्या पटलातलं कोलेस्टेरॉल कमी होतं, कॅल्शियम आत शिरतं आणि शेपटी चाबकासारखी फटकारू लागते. १९५७ मध्ये तर असंही दिसलं, की तयार झालेले सशाचे शुक्राणू पुन्हा रेतद्रवात ठेवले की त्यांची तयारी जाते. ‘पांघरूण उतरणं’ हे नाव जास्त खरं ठरलं असतं. आणि पांघरूण एकदा उतरलं की आयुष्य थोडंच उरतं, म्हणून अंडं सुटण्याची आणि भरवण्याची वेळ जुळावी लागते.

सगळीकडे असं नाही. रोहू-कटल्याचे शुक्राणू पाणी लागताच पोहायला लागतात आणि मिनिटाच्या आसपास थकतात. कोंबडीच्या पोटात ते दोन-तीन आठवडे टिकतात, काही वटवाघळांत तर अख्खा हिवाळा.

आपल्याकडचा पेच मात्र कांडीचा. ग्लिसरीन घातलं तर रेत गोठवूनही जगतं, हे १९४९ मध्ये कोंबड्याच्या रेतावर कळलं. आज कांडी उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमधून चिमट्याने निघते आणि अर्धा मिनिट ३७ अंशांच्या कोमट पाण्यात बुडते. या थंडी-उबेत बऱ्याच शुक्राणूंचं पांघरूण आधीच विरतं. वळू दाखवताना वेळेची जी सवलत होती, ती इथे नाही. गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की ‘कांडीच खराब’ म्हणतात. बऱ्याचदा घड्याळ चुकलेलं असतं.

आता कालवडीच व्हाव्यात म्हणून वेगळ्या कांड्या येतात. एक्स (कालवडीचे) आणि वाय (गोऱ्ह्याचे) शुक्राणूंतला डीएनएचा जेमतेम ४ टक्के फरक लेसरने हेरून ते एकेक करून निवडलेले असतात. या ओढाताणीत पांघरूण आणखी झिजतं, म्हणून ही कांडी नेहमीपेक्षा उशिरा भरायला सांगतात. गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेला नियम मात्र तोच, बारा तासांचा.