बंधाऱ्याखालचं पांढरं पाणी

भाद्रपदात पूर उतरायला लागला की आमच्या गावच्या बंधाऱ्यावर माणसं नुसती बघायला म्हणून जमतात. नदी लहानशी, चैत्रात तिच्या पात्रातून बैलगाडी जाते. पण बंधाऱ्याच्या माथ्यावरून वीत-दीड वीत पाणी पडत असलं की पायथ्याशी ते पांढरंशुभ्र होऊन गरगरत राहतं. मागे एकदा तिथं तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन वाहत आला. भिंतीवरून खाली पडला, दिसेनासा झाला, चार हातांवर वर आला आणि पुढे जायचं सोडून उलटा भिंतीकडे सरकत पुन्हा धारेखाली गेला. मी पाऊण तास बसून होतो. तेवढ्या वेळात तो काही सुटला नाही.

कयाक म्हणजे एका माणसानं वल्हवायची, वरून झाकलेली अरुंद नाव; ती चालवणारे ज्याला ‘होल’ म्हणतात ते हेच. साधा भोवरा जात्यासारखा फिरतो. हा पोळपाटावरच्या लाटण्यासारखा आडवा फिरतो. वरून पडणारं पाणी वेगानं तळाशी जातं, आणि पुढचं पाणी पृष्ठभागावरून मागे सरकत येतं. जगभरातले खेळाडू अशाच एखाद्या जागी नाव अडकवून तिच्या कोलांट्या मारतात. ते व्हिडिओ आता आमच्या पोरांनीही पाहिलेत आणि ‘आपल्या बंधाऱ्यावर का नाही?’ असं ती विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याच्या मागे दोन वेगळे इतिहास आहेत: नावेचा आणि बंधाऱ्याचा.

कयाक मूळची ग्रीनलंड आणि आर्क्टिक किनाऱ्यावरच्या शिकाऱ्यांची. लाकडाच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून शिवलेली आणि माणूस कमरेपासून खाली तिच्यात बंद. बर्फाळ पाण्यात ती उलटली तर बाहेर पडणं म्हणजे मरण. म्हणून आत बसल्या बसल्याच वल्ह्याच्या फटक्यानं सुलटं व्हायची युक्ती त्यांनी काढली. ऑस्ट्रियाच्या एदी हान्स पावलाटा यांनी १९२७ मध्ये ती साधली आणि मग युरोपात ती पसरली. १९३३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्लॅलमची, म्हणजे पाण्यावर टांगलेल्या खांबांच्या जोड्यांमधून नाव काढत न्यायच्या शर्यतीची, पहिली स्पर्धा झाली. १९७० च्या दशकात साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या नावा आल्या आणि खेळच पालटला. दगडावर आपटली तरी फुटत नाही म्हटल्यावर लोक नदीतून नुसतं खाली उतरायचं सोडून एकाच लाटेवर थांबून खेळू लागले. नावा आखूड होत होत दोन मीटरच्या आत आल्या. या फ्रीस्टाइल प्रकारात आज स्पर्धेची एक फेरी अवघ्या ४५ सेकंदांची असते.

ऑलिंपिकमध्ये स्लॅलम पहिल्यांदा आलं ते १९७२ च्या ऑगस्टमध्ये. म्युनिकचं ऑलिंपिक, पण ही शर्यत झाली आउग्सबुर्ग शहरातल्या एका जुन्या कालव्यात. नदीतला बर्फ शहराच्या पाणी-यंत्रणेत शिरू नये म्हणून तो वळवायला काढलेला हा कालवा. म्हणून नावच ‘आइसकानाल’.

त्याच ऑगस्टात मराठवाड्याचं आभाळ कोरडं होतं. बहात्तरचा दुष्काळ आमच्या घराघरांत अजून सांगितला जातो: खडी फोडायची कामं, सुकडी, लाल मिलोच्या भाकरी. पाझर तलाव, नाला बांध, रस्ते ही त्या दुष्काळी कामांतून उभी राहिलेली माणसांची मेहनत. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. पुढे लहान-मोठ्या नद्यांवर कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आले, मांजरेवर बॅरेजेस, म्हणजे दारांचे मोठे बंधारे, आली, २०१५ पासून जलयुक्त शिवारात ओढ्यांवर सिमेंटचे बांध पडले. मधल्या काळात, २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. आमच्या नद्यांवरची ही पांढऱ्या पाण्याची जागा दुष्काळानं दिलेली आहे. बांधणाऱ्यांच्या मनात पाणी अडवणं आणि मुरवणं एवढंच होतं. पायथ्याशी पाणी कसं वागेल आणि त्यात कुणी उतरेल, हा विचार त्या वेळी कुणी कशाला करील?

तरी तो विचार आता करावाच लागेल, कारण बंधाऱ्याखालचं होल आणि खेळाचं होल दिसायला सारखी असली तरी एक नव्हेत. खडकावर तयार झालेलं होल बहुधा कुठल्या तरी बाजूनं उघडं असतं. खेळाडू कडेकडेनं सरकत बाहेर पडतो. बंधाऱ्याची भिंत मात्र या काठापासून त्या काठापर्यंत सरळ, आणि दोन्ही टोकांना काँक्रीट. पाण्याची सुरळी सलग, तिला दारच नाही. शिवाय त्या पांढऱ्या पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की अंग नीट तरंगत नाही. पट्टीचा पोहणाराही तिथं हरतो. इंग्लंडमध्ये थेम्सवर हर्ली इथं बंधाऱ्यावरच खेळतात हे खरं, पण किती दारं उघडी आहेत ते बघून, आणि कुठल्या विसर्गाला पाणी कसं वागतं हे वर्षानुवर्षं शिकून. आपल्याकडे कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग चालतं ते भिऱ्याच्या वीजकेंद्रातून येणाऱ्या पाण्यावर. ते ठरलेल्या वेळी सुटतं. आमची नदी वर कुठं ढग फुटला की तासाभरात चढते.

मग मराठवाड्यात जागाच नाही का? मला वाटतं, आहे. ती खडकात शोधावी लागेल. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक बसून हे पठार झालं. थर सारखे टणक नाहीत; मऊ थर आधी झिजतो, टणक थर उरतो आणि नदीला पायऱ्या पडतात. नांदेड आणि यवतमाळच्या सीमेवर पैनगंगेचं सहस्रकुंड म्हणजे असाच काळाकभिन्न खडक. तिथला मुख्य धबधबा खेळायचा नव्हे, लांबूनच बघायचा. पण नर्मदेवर महेश्वरला, अशाच काळ्या खडकातल्या सहस्रधारेत, देशपातळीवरच्या स्लॅलम स्पर्धा होतात. तसल्या बुटक्या, तिरक्या, बाजूनं मोकळ्या पायऱ्या आमच्या लहान नद्यांतही आहेत. श्रावण-भाद्रपदातले मोजके दिवस त्यांवर पुरेसं पाणी असतं. आणि नवा बंधारा बांधताना पायथ्याशी सरळ कड्याऐवजी पायऱ्या किंवा दगडांचा उतार दिला तर ती सुरळी मोडते. हे बंधाऱ्याच्या अंदाजपत्रकात यायला हवं, मग कयाक आली काय नि न आली काय.

पाण्याशी खेळणं आम्हाला नवं नाही. आमच्याकडे विहिरीवर ‘पवायला’ जातात; कमरेला वाळला भोपळा किंवा पांगाऱ्याचं बिंडं बांधून पोर पाण्यात सोडतात. भोपळे एकत्र बांधून केलेली ती सांगड, जिच्यावरून ‘सांगड घालणे’ आपण म्हणतो. पूर आलेल्या नदीत उतरायच्या आधी जुनी माणसं वरच्या अंगाला लाकूड सोडायची आणि ते कुठं थांबतं, कुठं सुटतं ते काठावरून बघायची.

तो कॅन मला आठवडाभरानं दिसला. माथ्यावरून येणारं पाणी बोटभर उरलं होतं आणि तो भिंतीला लागून गाळात पडला होता. मूठ तुटलेली, बुडाला आरपार भोक, आणि चारही कोपरे कानशीनं घासल्यासारखे गोल झालेले.