पक्ष्यांचे फोटो, चौकट आणि क्रॉप: पार्श्वभूमी

पक्ष्याच्या फोटोत क्रॉप, म्हणजे काढलेल्या फोटोच्या कडा कापणं, किती चालतो, हा वाद दर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरले की नव्याने सुरू होतो. तो समजून घ्यायचा तर थोडं मागे जायला हवं.

फार मागे नको. १८९२ मध्ये इंग्लंडात दोघा भावांनी अंड्यांसह घरट्याचा फोटो काढला आणि पुढे पोकळ बैलाचं सोंग करून त्यात लपून पक्षी टिपले. काचेच्या प्लेटा आणि अवजड कॅमेरा, त्यामुळे पक्षी हमखास परत येईल अशी जागा म्हणजे घरटंच. आपल्याकडेही बरीच वर्षं पक्ष्यांचे फोटो म्हणजे लपणातून घेतलेले घरट्यावरचे फोटो, असंच होतं. निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो छापणारा एन्लार्जर वर सरकवला की पक्षी मोठा व्हायचा आणि कडेचं नको ते कागदाबाहेर जायचं. तो डार्करूमच्या कामाचाच भाग होता.

क्रॉप नको हा आग्रह घट्ट झाला तो स्लाइडच्या, म्हणजे प्रोजेक्टरने दाखवायच्या पारदर्शक फिल्मच्या, काळात. २४ बाय ३६ मिलिमीटरची फिल्म थेट पडद्यावर जायची. क्रॉप करायचा तर फिल्म धरणारा माउंट उघडून चंदेरी टेपच्या बारीक पट्ट्या लावायच्या, आणि पट्टी केसभर तिरकी बसली तरी पडद्यावर सगळी चौकट वाकडी दिसायची. रोलमध्ये फोटो ३६, फिल्मचा वेग बहुधा ५० किंवा १००. ज्यांचे हात या शिस्तीत घडले ते आजही ‘फ्रेम कॅमेऱ्यातच झाली पाहिजे’ म्हणतात. त्यांचं म्हणणं कष्टातून आलेलं आहे.

२००३-०४ च्या सुमारास सहा मेगापिक्सेलचे डीएसएलआर (लेन्स बदलता येणारे डिजिटल कॅमेरे) हौशी लोकांच्या आवाक्यात आले आणि ‘क्रॉप’ या शब्दाचाच गुंता झाला. फिल्मच्या जागी आलेला सेन्सर ३५ मिमी फिल्मपेक्षा लहान, म्हणून त्या ‘क्रॉप बॉडी’. ३०० मिमीची लेन्स ४५० ची झाली, असं जो तो सांगायचा. लेन्स होती तीच होती, कडा फक्त आधीच कापून मिळत होत्या. सेन्सरने कापलं तर ‘रीच’ (लांबचा पल्ला) आणि आपण घरी कापलं तर कमीपणा, असा हा हिशेब होता. खरी अडचण पिक्सेलची होती. लांबी-रुंदी अर्धी केली की चौथा हिस्सा उरतो, सहातले दीड. २०१२ मध्ये ३६ मेगापिक्सेलचा कॅमेरा आला तेव्हा त्याच क्रॉपनंतर नऊ उरू लागले, म्हणजे ए-४ आकाराचं पान नीट छापता येईल इतके. पाठोपाठ परवडणाऱ्या १५०-६०० लेन्स आल्या. फोकसचा मधला बिंदूच भरवशाचा, त्यामुळे पक्षी मधोमध धरायचा आणि त्याच्या नजरेपुढची मोकळी जागा घरी संगणकावर साधायची, ही सवय तेव्हाच लागली.

मग स्पर्धांसाठी नियम आला. तीन मोठ्या छायाचित्रण संस्थांनी निसर्ग छायाचित्रणाची एकच व्याख्या ठरवली आणि ती १ जानेवारी २०१५ पासून लागू झाली. चित्रातला घटक वाढवणं, हलवणं, बदलणं किंवा काढणं वर्ज्य. अपवाद क्रॉपचा.

या अपवादावरून अजून भांडणं होतात. बाभळीवर नीलपंख बसलाय आणि कडेच्या काट्याला प्लास्टिकची पिशवी अडकलीय. क्रॉपने पिशवी गेली, फोटो नियमात बसला. तीच पिशवी शेपटीखाली असती आणि क्लोन करून, म्हणजे शेजारचा भाग तिच्यावर चिकटवून, पुसली असती, तर फोटो बाद. बघणाऱ्याला पिशवी दोन्ही वेळा दिसत नाही, मग फरक काय? फरक आहे, आणि मला तो पटतो. क्रॉपनंतर जे उरतं ते तिथे होतंच, क्लोन मात्र तिथे नसलेलं पान रंगवतो. शिवाय क्रॉपची मुभा असली की आणखी दहा पावलं पुढे सरकायचा मोह आवरता येतो. माळावरचा धाविक पक्षी मान ताठ करून थबकला की समजावं, आपण जास्त जवळ आलो. तिथेच थांबावं, उरलेलं अंतर क्रॉपने तोडावं. घरट्यावरचे फोटो बऱ्याच स्पर्धांनी नाकारायला सुरुवात केली ती याच काळजीतून.

दुखणं वेगळंच आहे. त्याच व्याख्येत स्पर्धांच्या वन्यजीव विभागासाठी ‘नैसर्गिक किंवा अंगीकारलेला अधिवास’ असे शब्द आहेत. तरी तारेवरचा नीलपंख दिसला की हात आधी खांब कापायला जातो. खांब गेला तरी तार उरते, मग फोटोच टाकून दिला जातो. ज्या माळावर झाडं उरली नाहीत तिथे तार हीच त्याची फांदी, तिथूनच तो खालचे नाकतोडे हेरतो. तार, खांब, मागची ज्वारी, सगळं चौकटीत असावं.

मोबाइलने हे आणखी बिघडवलं. इन्स्टाग्रामवर २०१५ पर्यंत चौरसच चालायचा, नंतर ४:५ चा उभा फोटो रूढ झाला. आडव्या ३:२ फोटोतून तो काढला की जवळजवळ निम्मी रुंदी जाते. भिगवणला उजनीच्या पाण्यात घेतलेल्या रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) थव्यातून मग एकच लांब मान उरते.

२०२० पासून मिररलेस (आरशाविना चालणारे) कॅमेरे पक्ष्याचा डोळा स्वतः शोधू लागले. पक्षी कोपऱ्यात ठेवूनही फोकस बसतो, म्हणजे चौकट जागेवरच आखता येते, स्लाइडवाले आखायचे तशी. आणि अनेक स्पर्धा बक्षीस देण्याआधी कॅमेऱ्यातली मूळ, न कापलेली रॉ फाइल मागतात. रोहितांमागची कापून टाकलेली होडी आणि जाळ्याच्या काठ्या तिथे परीक्षकांना दिसतातच.