जनता, चिमटा आणि दिवसाचे ८६,४०० सेकंद

बाबांचं एचएमटी जनता मागे पडायला लागलंय हे आमच्या उशिरा लक्षात आलं, कारण बाबा घड्याळ नेहमी पाच मिनिटं पुढे ठेवतात. नोकरीभर सकाळची एसटी गाठल्याची ती सवय. रेडिओवर ७:०५ च्या प्रादेशिक बातम्या सुरू झाल्या की त्यांच्या मनगटावर ७:१० वाजलेले असायचे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. एके दिवशी बातम्यांच्या वेळी घड्याळात सात वाजून दोनच मिनिटं झालेली दिसली, म्हणजे एका दिवसात आठ मिनिटं गायब.

“घड्याळजीकडे टाकून ये,” बाबा म्हणाले.

मी म्हणालो, “मीच बघतो.” मोबाइलचे स्क्रू उघडणारा स्क्रूड्रायव्हरचा संच घरात होता, आणि मागचं झाकण उघडल्यावर जे दिसलं त्याने तर फारच धीर आला. बॅलन्स व्हील, म्हणजे मागे-पुढे झोके घेत वेळ मोजणारं चाक, त्याच्या वर एक इवलासा दांडा असतो. एका बाजूला सरकवला की घड्याळ जलद होतं, दुसऱ्या बाजूला सरकवला की मंद. हा रेग्युलेटर. मी तो जलद बाजूला पार टोकापर्यंत नेला. दुसऱ्या दिवशी घड्याळ आठऐवजी पाच मिनिटं मागे. म्हणजे गाडीची चाकं चिखलात रुतलीत आणि मी आरसा नीट करत बसलो होतो. पण हे कळायला मला पुढचे दोन महिने लागले.

आधी घड्याळाबद्दल थोडं. भारत सरकारच्या एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला मनगटी घड्याळांचा कारखाना सुरू केला. जनता हे तिथलं साधं, रोज चावी भरायचं, सतरा खड्यांचं घड्याळ. २०१६ मध्ये सरकारने एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करायचं ठरवलं, तरी आजही कुठल्याही मराठी घरातल्या कपाटाचा खण उपसला तर एखादी जनता सापडण्याची शक्यता बरी आहे. तिचा बॅलन्स तासाला १८,००० टोले देतो, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाचे ४ लाख ३२ हजार. बॅलन्सचा व्यास समजा १० मिलिमीटर धरला आणि तो प्रत्येक टोल्याला मधल्या जागेपासून दोन्हीकडे पाऊणपाऊण फेरा घेतो असं मानलं, तर त्याच्या कडेवरचा एक बिंदू दिवसाला सुमारे २० किलोमीटर चालतो. जवळजवळ रोज आळंदीहून पुण्याला. आणि त्या वाटचालीत दिवसाला तीस सेकंदांची चूक म्हणजे ४ लाख ३२ हजारांत फक्त १५० टोल्यांची गडबड, दहा हजारांत साडेतीन! या हिशेबाने बाबांच्या घड्याळाची आठ मिनिटंही जेमतेम अर्धा टक्का होती. आपण यंत्राला नावं ठेवतो ती किती बारीक फरकासाठी, हे मांडून बघितल्यावर मी जरा वरमलो.

हा नेमकेपणा येतो कुठून? बॅलन्सला जोडलेल्या केसासारख्या बारीक, गुंडाळलेल्या स्प्रिंगमधून. घड्याळजी तिला हेअर स्प्रिंगच म्हणतात. लंबकाला गुरुत्वाकर्षण जसं मधे खेचून आणतं, तसं बॅलन्सला ही स्प्रिंग आणते. १६७५ मध्ये ख्रिस्तियान हायगेन्सने ही कल्पना जाहीर केली आणि पॅरिसच्या एका कारागिराकडून तसं घड्याळ करून घेतलं. लगेच लंडनमध्ये रॉबर्ट हूकने ‘हे माझं आहे’ म्हणून कडाक्याचं भांडण काढलं. भांडण कुणी जिंकलं ते सोडा. हूकचाच नियम त्या स्प्रिंगचं मर्म सांगतो. स्प्रिंग जितकी पिळावी तितक्याच प्रमाणात ती उलट जोर लावते. त्यामुळे बॅलन्स मोठा झोका घेवो की लहान, लागणारा वेळ तोच. आदर्श जगात तरी.

झोक्याचा वेळ स्प्रिंगच्या लांबीच्या वर्गमुळावर ठरतो. रेग्युलेटरच्या दांड्याला खाली दोन बारीक पिना असतात, त्यांच्या फटीतून स्प्रिंगचा बाहेरचा वेढा जातो. दांडा सरकवला की स्प्रिंगची ‘कामाची’ लांबी कमी-जास्त होते. उलगडलेली स्प्रिंग १० सेंटीमीटर धरा. दिवसाला तीस सेकंदांचा फरक हवा असेल तर लांबी ०.०७ मिलिमीटरने बदलायची, म्हणजे डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीइतकी. एका सेकंदासाठी जेमतेम सव्वादोन मायक्रॉन. आणि हे काम करायचं कशाने? सकाळचा चहा झालेल्या, किंचित थरथरणाऱ्या हातातल्या टूथपिकने.

मग टिकटिक ऐकणारं यंत्र मागवलं. घड्याळजी टाइमिंग मशीन म्हणतात ते. घड्याळ त्याच्या चिमटीत अडकवायचं, आतला संवेदक प्रत्येक टिक ऐकतो आणि तीन आकडे दाखवतो: दिवसाला किती सेकंद पुढे-मागे (हा घड्याळाचा ‘दर’), बॅलन्स किती अंशांचा झोका घेतोय, आणि ‘टिक’ व ‘टिक’ यांमधलं अंतर ‘टॉक’ने नेमकं अर्ध्यावर तोडलंय की नाही. झोका तो नुसत्या आवाजावरून ओळखतो. आपल्या कानाला एक वाटणारी टिक म्हणजे एकापाठोपाठ एक तीन ठोके असतात. बॅलन्सवरचा खडा पॅलेटच्या (बॅलन्स आणि दातेचाक यांना जोडणाऱ्या दांडीच्या) काट्याला धडकतो तो पहिला, दातेचाकाचा दात पॅलेटला ढकलतो तो दुसरा, काटा पलीकडे जाऊन थडकतो तो तिसरा. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत जितका कमी वेळ, तितका बॅलन्स वेगात, म्हणजे झोका मोठा. हे समजलं तेव्हा मी खरोखर खूश झालो. कानाला स्टेथोस्कोप लावून नाडीच्या जोडीने रक्तदाबही सांगावा, तसं.

बाबांच्या घड्याळाचा झोका निघाला १७० अंश. चांगल्या स्थितीतलं, पूर्ण चावी भरलेलं घड्याळ आडवं ठेवल्यावर २७० ते ३०० अंशांत असावं. इथे मागे पडण्याचं कारण उघड झालं. तेल वर्षानुवर्षं सुकून चिकट होतं, घर्षण वाढतं, झोका आखडतो. आणि त्या दोन पिनांमध्ये किंचित फट असते. झोका लहान असेल तर स्प्रिंग बराच वेळ पिनांना न टेकता फटीतच हलते. तेवढा वेळ तिची लांबी जणू वाढलेली असते आणि घड्याळ मंदावतं. दांडा टोकाला नेऊन मी रोगाचं नाही, थर्मामीटरचं औषध केलं होतं.

तर सर्व्हिसिंग. म्हणजे सगळं मशीन सुटं करून धुवायचं. पहिला नियम, मेन स्प्रिंगमधला, म्हणजे चावी भरली की गुंडाळल्या जाणाऱ्या स्प्रिंगमधला, ताण आधी सोडायचा. तो मी पाळला. दुसरा नियम, बारीक स्प्रिंग काढताना वर पातळ प्लॅस्टिक धरायचं. तो मी वाचला होता. खटक्याची स्प्रिंग, म्हणजे चावी उलटी फिरू नये म्हणून असलेल्या खटक्याला दाबून धरणारी वाकडी तार, ‘टिंग’ असा अगदी सभ्य आवाज करून खोलीत कुठेतरी गेली. मी जमिनीवर पालथा पडून जुन्या स्पीकरचं चुंबक फरशीभर फिरवलं. तीन टाचण्या, सायकलचं एक छर्रं, बाकी धूळ. शेवटी रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक बंद पडलेली जनता आणली आणि तिच्या खटक्याची स्प्रिंग काढून घेतली, या वेळी प्लॅस्टिक धरून.

धुण्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. मी सगळे भाग स्पिरिटमध्ये टाकणार होतो. पॅलेटच्या दोन माणकांना जागेवर धरून ठेवते ती लाख. पळस, कुसुम, बोरीच्या झाडांवर एक कीटक जी तयार करतो, बांगड्यांची असते तीच लाख. स्वित्झर्लंडमधल्या महागड्या घड्याळातही हीच वापरण्याची रीत, कारण ती गरम केली की मऊ होते आणि खडा केसभर सरकवता येतो. पण स्पिरिटमध्ये लाख विरघळते. म्हणून पॅलेट वेगळी काढायची, तिला पेट्रोलची हलकी अंघोळ पुरते. खिडक्या उघड्या ठेवून आणि देवघरातला दिवा विझवून, हे आईने बजावलं.

खडे म्हणजे माणकं. दागिन्यातली नव्हेत, ऑग्युस्त व्हर्नॉयने १९०२ मध्ये कृत्रिम माणिक वितळवून वाढवायची रीत जाहीर केली, तेव्हापासून ही स्वस्त झाली. सतरांची मांडणी सहसा अशी: बॅलन्सकडे पाच, पॅलेटकडे चार, बाकी चार चाकांना दोन-दोन. ज्या खड्यांत आस फिरतात त्यांना मधे भोक आणि भोवती बशीसारखा खळगा असतो. तेल त्या खळग्यात केशाकर्षणाने थांबतं. जास्त घातलं तर बशी भरून वाहते आणि ओघळ सगळं तेल सोबत घेऊन जातो. म्हणजे तेल जास्त घातलं की खडा कोरडा पडतो! स्वयंपाकघरातलं कुठलंच शहाणपण इथे चालत नाही. मला थेंबाचा अंदाज यायला जुन्या बाजारातली ती दुसरी जनता पूर्ण खर्ची पडली.

सगळं जोडलं. चावी भरली. बॅलन्स स्वतःहून सुटला आणि मी ओरडलोच. तासाभराने बघतो तर घड्याळ चौदा मिनिटं पुढे.

इतकं पुढे जाणं दांड्याचं काम नव्हे. भिंगातून पाहिलं तर हेअर स्प्रिंगचे वेढे एका बाजूला एकमेकांना चिकटत होते. चिकटले की कामाची लांबी घटते, लांबी घटली की बॅलन्स पळत सुटतो. कारण सहसा दोनपैकी एक असतं: स्प्रिंगला तेल लागलंय किंवा चुंबकत्व. शाळेतली कंपासपेटीतली चुंबकसूची जवळ नेली, ती थरथरली. आणि मग आठवलं. जोडताना स्क्रू माझ्या चिमट्याला आपसूक चिकटत होते, आणि मला ते फार सोयीचं वाटलं होतं. ज्या डब्यात चिमटा, त्याच डब्यात ते स्पीकरचं चुंबक! फरशीवर स्प्रिंग शोधायला काढलेलं चुंबक चिमट्यात शिरलं, चिमट्यातून हेअर स्प्रिंगमध्ये.

यावरचा उपाय मात्र स्वस्त आणि सुंदर आहे. घरच्या विजेवर चालणारं तारेचं वेटोळं असलेली एक डबी मिळते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला शंभर वेळा उलटतं. घड्याळ त्यावर धरायचं, बटण दाबायचं आणि बटण दाबलेलंच ठेवून घड्याळ हळूहळू हातभर लांब न्यायचं. पोलादातले सूक्ष्म चुंबकी विभाग इकडे-तिकडे, इकडे-तिकडे वळत राहतात, दर वेळी आधीपेक्षा थोडे कमी, आणि शेवटी कुठल्याच एका दिशेला तोंड करून उरत नाहीत. बटण मधेच सोडलं तर उलट काम होतं. आधी चिमटा, मग स्क्रूड्रायव्हर, मग घड्याळ. कंपाससूची शांत झाली, वेढे सुटे झाले.

मशीनवर आता झोका २६५ अंश, आणि घड्याळ दिवसाला १९० सेकंद पुढे. हो, तो दांडा अजून मीच नेऊन ठेवलेल्या टोकाला होता. तो परत आणायला एक संध्याकाळ गेली. टूथपिक टेकवली की नव्वद सेकंद मागे, परत ढकलली की एकशेवीस पुढे. ढकलायचा नसतो तो. टेकून दाब वाढवत जायचा आणि हलल्याचा भास झाला की थांबायचं.

डायल वर ठेवून दर शून्यावर आणला आणि बाबांना दिलं. संध्याकाळपर्यंत दहा सेकंद मागे.

याचं कारण मला सगळ्यात आवडलं. घड्याळाला एकच एक दर नसतोच. डायल आकाशाकडे असेल तर बॅलन्सच्या आसाचं गोलसर टोक खड्यावर भोवऱ्यासारखं टेकतं, घर्षण नगण्य. घड्याळ उभं झालं की आसाची बाजू खड्याच्या भोकात घासते. माझ्याकडे झोका २६५ वरून २३५ वर आला. शिवाय बॅलन्सचं वजन कुठल्या एका बाजूला कणभर जास्त असेल तर तो उभा असताना चोरून लंबकासारखा वागू लागतो. गंमत अशी की झोका २२० अंशांच्या आसपास असेल तेव्हा ही चोरी जवळजवळ फिटते. त्याहून मोठ्या झोक्यात ती एका दिशेने चूक करते, लहान झोक्यात उलट दिशेने. म्हणून तर स्वित्झर्लंडच्या क्रोनोमीटर, म्हणजे अतिनेमक्या घड्याळांच्या, चाचणीत मशीन पंधरा दिवस, पाच स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश तापमानाला तपासतात आणि तरीही सरासरी दिवसाला उणे चार ते अधिक सहा सेकंद इतकी सूट देतात. तापमानाचं भूत तरी आता बरंच उतरलंय. साध्या पोलादी स्प्रिंगचं घड्याळ एका अंशाला दहाएक सेकंद बिघडायचं. उष्णतेने फारसे न बदलणारे मिश्रधातू शोधणाऱ्या शार्ल एद्वार गियोमला १९२० चं भौतिकीचं नोबेल मिळालं. घड्याळांच्याही उपयोगी पडलेल्या कामाला मिळालेला तो मान मला योग्यच वाटतो.

मग मी वही केली. डायल वर: अधिक १४. चावी खाली, म्हणजे घड्याळ उभं: उणे ८. बाबा दिवसभर घड्याळ घालतात, रात्री चष्म्याशेजारी डायल वर करून ठेवतात. दिवसा जे हरवतं ते रात्री बरंचसं भरून निघतं. आठवड्याची सरासरी दिवसाला अवघ्या काही सेकंदांवर आली. टिक-टॉकचं अंतर अजून १.८ मिलिसेकंदांनी लंगडतंय, पण ते सुधारायला हेअर स्प्रिंगच्या मुळाशी हात घालावा लागेल आणि तेवढी हिंमत माझ्यात नाही.

रविवारी सकाळी ७:०५ च्या बातम्यांना घड्याळ सेकंदाला सेकंद लावून बाबांच्या हातात दिलं. त्यांनी कानाला लावून ऐकलं, मान डोलावली, चावी बाहेर ओढली आणि काटा पाच मिनिटं पुढे केला.

“एसटीचं काय सांगावं,” म्हणाले. निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली. वहीत आता एक जादा रकाना आहे, वजा ३०० सेकंदांचा.