ग्रंथालयाचे डेटाबेस आणि विषय मार्गदर्शिका (खानदेश)

डेटाबेस म्हणजे जर्नल्स (संशोधनाचे लेख छापणारी नियतकालिकं), प्रबंध, ई-बुक्स यांचा शोधता येणारा साठा, जो ग्रंथालय वर्गणी भरून किंवा सरकारी योजनेतून विद्यार्थ्यांना उघडून देतं. विषय मार्गदर्शिका म्हणजे त्या साठ्यात कुठून शिरायचं ते सांगणारं, ग्रंथपालांनी एकेका विषयासाठी तयार केलेलं पान. आपल्याकडे गाइड म्हटलं की परीक्षेचं गाइड आठवतं नाहीतर पीएचडीचे गाइड सर, म्हणून मार्गदर्शिका हाच शब्द बरा. असाइनमेंटला किंवा लघुप्रबंधाला बसलेली बहुतेक पोरं गुगलच्या पहिल्या पानावर थांबतात आणि हक्काची गोष्ट तशीच पडून राहते, याचं खरंच वाईट वाटतं.

खानदेशात हा विषय मुख्यतः कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी जोडलेला आहे. पुणे विद्यापीठातून वेगळं होऊन 15 ऑगस्ट 1990 ला जळगावात हे विद्यापीठ सुरू झालं, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्याकडे आहेत. शहादा, चोपडा, साक्रीकडच्या पोरांना दर वेळी बस धरून जळगाव गाठणं परवडत नाही, त्यांच्यासाठी इन्फ्लिबनेट या ग्रंथालयं जोडणाऱ्या केंद्रीय संस्थेची एन-लिस्ट ही कॉलेजांना ई-जर्नल्स, ई-बुक्स देणारी सेवा कामाची, कॉलेजने नोंदणी केलेली असेल तर ग्रंथपाल यूजर आयडी काढून देतात आणि मग घरी बसून मोबाईलवरसुद्धा वाचता येतं. सरकारी संस्थांसाठी 1 जानेवारी 2025 पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही सगळ्यांची जर्नल्सची वर्गणी केंद्र सरकारने एकत्र भरायची योजना सुरू झाली, 3 वर्षांसाठी 6,000 कोटी रुपयांची तरतूद, 30 प्रकाशक आणि जवळपास 13,000 जर्नल्स.

लॉगिन मिळालं तरी अडतं ते शब्दावर. डेटाबेसला आपला प्रश्न कळत नाही, त्याला फक्त टाकलेला शब्द कळतो आणि तो शब्द लेखात नसेल तर लेख समोर असून सापडत नाही. केळीचंच घ्या. रावेर-यावलचा शेतकरी हरण्या म्हणतो, जर्नलमध्ये तोच रोग कुकुंबर मोझॅक व्हायरस नावाने असतो, म्हणजे केळीचा रोग शोधायचा आणि नाव काकडीचं टाकायचं! करपा असेल तर सिगाटोका टाकावं लागतं, आणि बनाना टाकून कमी निघालं तर मुसा हे शास्त्रीय नाव टाकून बघायचं. दोन्ही शब्द एकदम चालवायचे तर मध्ये ऑर, दोन्ही असलेलेच लेख हवे तर अँड, आणि तीन शब्दांचं नाव जसंच्या तसं हवं असेल तर अवतरणचिन्हात.

इतिहासवाल्यांना हे जास्त जड जातं कारण आपल्या भागाचं नावच बदलत गेलंय. 1906 पर्यंत एकच खानदेश जिल्हा, मग पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश, 1960 नंतर जळगाव आणि धुळे, आणि नंदुरबार तर 1 जुलै 1998 ला वेगळा झाला. म्हणजे 1930 सालच्या नंदुरबारबद्दल काही हवं असेल तर शोधायचं पश्चिम खानदेश. जुन्या इंग्रजी कागदांत धुळे हे धुलिया असतं आणि तापी ही ताप्ती, 1880 च्या खानदेश गॅझेटिअरमध्येही अशीच जुनी स्पेलिंगं. अहिराणीवर काम करणाऱ्यांनी खानदेशी हा शब्दही टाकलाच पाहिजे, कारण ग्रिअर्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या ब्रिटिशकालीन भाषा सर्वेक्षणात ती भिल्ली भाषांच्या खंडात खानदेशी म्हणून आलीय. म्हणून शोधायला बसायच्या आधी वहीच्या एका पानावर बोलीतला शब्द, पुस्तकी मराठी शब्द, इंग्रजी शब्द आणि जुनं नाव असं लिहून काढावं, अर्धा तास जातो पण पुढचे आठ दिवस वाचतात.

शोधगंगा हा प्रबंधांचा साठा कुठल्याही लॉगिनशिवाय फुकट उघडतो. तिथे प्रबंध एकेका प्रकरणाच्या वेगळ्या पीडीएफमध्ये असतो, आणि पोरं पहिलं प्रकरण उघडून कंटाळतात. आधी शेवटची, संदर्भसूचीची फाइल उघडावी, आपल्या विषयावर आधी कोणी काय लिहिलंय त्याची आयती यादी तिथे मिळते. मराठी प्रबंधांची शीर्षकं कधी देवनागरीत तर कधी रोमन लिपीत टाकलेली असतात, तेव्हा दोन्ही लिपीत शोधायचं.

मार्गदर्शिका चांगली असेल तर हे सगळं तिच्यात असतं, विषयाचे डेटाबेस, शोधशब्द, संदर्भ कसा लिहायचा, आणि कोणाला विचारायचं तेही. नसेल तर सरळ ग्रंथपाल सरांना किंवा मॅडमना विचारावं, वाचकाचा वेळ वाचवा हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या 1931 च्या पाच नियमांतला चौथा नियम ग्रंथपालांच्या अभ्यासातच आहे. फक्त "सर, माहिती पाहिजे" एवढंच म्हणू नये, विषय, कोणती वर्षं, आणि आतापर्यंत कोणते शब्द टाकून पाहिले ते सांगावं.

आणि जे स्कॅनच झालेलं नाही ते कुठल्याच डेटाबेसात निघणार नाही. खानदेशातली जुनी हस्तलिखितं, मोडी कागद यांच्यासाठी धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे, तिथे स्वतः जावं लागतं, जाताना कॉलेजचं पत्र सोबत ठेवावं आणि शब्दांचं ते पानही.