युक्रेन युद्धातील रशियन लष्कर : कामगिरी व भवितव्य

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर चढाई करणाऱ्या रशियन सैन्याच्या लढाऊ क्षमतेचे युद्धकाळात झालेले मूल्यमापन. चढाईपूर्वी हे सैन्य जगात दुसऱ्या क्रमांकाचे मानले जाई आणि राजधानी कीव्ह काही दिवसांतच पडेल, असे पाश्चात्त्य गुप्तचर यंत्रणाही धरून चालल्या होत्या. वर्ष सरायच्या आत तेच सैन्य मोडकळीस आल्याचे लिहिले जाऊ लागले. दोन्ही अंदाज फसले. दोन्ही वेळा रणगाडे मोजले गेले; माणसे कुठून येणार, किती काळ पुरणार आणि मार खाल्ल्यावर सैन्य काय शिकणार, याचा हिशेब कोणी नीट मांडला नाही.

२००८ च्या जॉर्जिया युद्धात उघड झालेल्या उणिवांनंतर संरक्षणमंत्री अनातोली सेर्द्युकोव्ह यांनी सैन्याची फेररचना केली. अवाढव्य, अर्ध्या रिकाम्या सोव्हिएत डिव्हिजनांऐवजी ६०० ते ८०० जवानांच्या स्वयंपूर्ण ‘बटालियन रणगटां’वर भर आला. छोट्या, झटपट उरकायच्या मोहिमांसाठी ही रचना ठीक होती. पण सक्तीने भरती झालेल्या तरुणांना युद्धावर पाठवायचे नाही, असे सरकारचे धोरण होते, आणि पायदळात भरणा होता तो त्यांचाच. परिणामी अनेक तुकड्या अपुऱ्या पायदळानिशी सीमा ओलांडून गेल्या. बीएमपी-२ या चिलखती वाहनात तिघांच्या चमूखेरीज मागे सात सैनिकांची जागा असते. काही वाहनांत त्या जागा रिकाम्याच होत्या. गावात शिरल्यावर उतरून घरे तपासायला, झाडीतला क्षेपणास्त्रधारी हुडकायला माणूसच नव्हता. कीव्हजवळच्या होस्तोमेल विमानतळावर उतरलेल्या छत्रीधारी दलाला वेळेत कुमक मिळाली नाही, कीव्हच्या उत्तरेला सुमारे ६४ किमी लांबीचा वाहनांचा ताफा रस्त्यातच अडकून पडला आणि मार्चअखेर माघार सुरू झाली. सगळ्या आघाड्यांना मिळून एक सेनापती नव्हता, हा दोष तर अक्षम्यच म्हणावा लागेल.

एप्रिलमध्ये काळ्या समुद्रातील ताफ्याची प्रमुख नौका ‘मोस्कवा’ बुडाली. सप्टेंबरात खारकीव्ह प्रांतातील विरळ फळी काही दिवसांत कोसळली. त्यानंतर २१ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष व्लादिमिर पुतिन यांनी लामबंदी जाहीर करून ३ लाख राखीव सैनिकांना पाचारण केले. त्यांचे प्रशिक्षण यथातथाच होते, पण खंदकात उभे करायला माणसे मिळाली आणि फळी सावरली. नोव्हेंबरात खेरसनमधून नीपर नदीपार झालेली माघार मात्र शिस्तीत पार पडली. तेव्हा एकूण मोहिमेचे सेनापती असलेले जनरल सर्गेई सुरोविकिन यांच्या काळात दक्षिणेत सुरुंगांचे पट्टे, रणगाडारोधी चर आणि खंदकांच्या एकामागून एक रांगा उभ्या राहिल्या. २०२३ च्या उन्हाळ्यात पाश्चात्त्य चिलखती वाहनांनिशी निघालेली युक्रेनची प्रतिचढाई झापोरिझिया प्रांतात याच सुरुंगांत रुतली. बचावाची अभियांत्रिकी हे या सैन्याचे जुने बलस्थान. पहिल्या वर्षाच्या फजितीत निरीक्षकांना त्याचा विसर पडला होता.

पूर्व युक्रेनमधील बखमूत शहरात वॅग्नर या खाजगी दलाने तुरुंगांतून उचललेल्या कैद्यांच्या लाटा पुढे सोडल्या. शहर मे २०२३ मध्ये पडले. आपली २० हजार माणसे तिथे मेल्याचे दलाचा प्रमुख येव्हगेनी प्रिगोझिन याने स्वतःच सांगितले. पुढच्याच महिन्यात त्याने बंड केले आणि ऑगस्टमध्ये विमान कोसळून तो मेला. वॅग्नर मोडले, तरी माणसे खर्ची घालून शत्रूची ठाणी हुडकण्याची रीत नियमित सैन्यात शिरली.

मोठे रणगाडे-हल्ले ड्रोनमुळे अशक्यप्राय झाल्यावर दोन-तीन जणांच्या टोळ्या पायी किंवा मोटारसायकलवरून युक्रेनी ठाण्यांच्या फटींतून घुसू लागल्या. जुन्या सोव्हिएत बॉम्बना पंख व दिशादर्शन संच जोडून ते युक्रेनी हवाई संरक्षणाच्या टप्प्याबाहेरून सोडण्याची युक्ती साधली. इराणी शाहेद ड्रोन तातारस्तानातील येलाबुगा येथे ‘गेरान’ नावाने तयार होऊ लागले. जॅमिंगला (रेडिओ लहरी अडवण्याला) दाद न देणारे, प्रकाशतंतूच्या वायरीवर चालणारे ड्रोन आणि त्यांच्या वापरासाठी उभारलेले ‘रुबिकॉन’ हे खास केंद्र यांनी युक्रेनी रसदमार्ग जेरीस आणले. हवाई दल, रणगाडे आणि पायदळ यांचा मेळ घालून फळी फोडायची व खोलवर मुसंडी मारायची, हे मात्र रशियाला जमलेले नाही. पूर्वेकडील अवदिइव्का शहर फेब्रुवारी २०२४ मध्ये पडले. तेथून सुमारे ४० किमीवरचे पोक्रोव्स्क घेतल्याचा दावा मॉस्कोने केला तो डिसेंबर २०२५ मध्ये. २०२४ या पूर्ण वर्षात सुमारे ४,००० चौ. किमी भूभाग हाती आला, म्हणजे युक्रेनच्या एक टक्क्याहूनही कमी.

हानीचे अधिकृत आकडे मॉस्को देत नाही, म्हणून आडवाटेने मोजदाद करावी लागते. मेदियाझोना हे रशियन वृत्तस्थळ आणि बीबीसीची रशियन सेवा स्थानिक वृत्तपत्रांतील शोकसंदेश, समाजमाध्यमांवरील नोंदी आणि दफनभूमीतील नव्या थडग्यांवरून मृतांची नावानिशी यादी करतात. २०२५ मध्ये ती १ लाखाच्या वर गेली. मृताच्या मालमत्तेवर वारसांनी दाखल केलेल्या दाव्यांची सरकारी नोंदवहीही तपासली जाते, कारण तरुण पुरुषांच्या नोंदी अचानक वाढल्या की कारण उघड असते. सामग्रीसाठी उपग्रहचित्रे आहेत. उघड्यावरील सोव्हिएतकालीन आगारांत वर्षानुवर्षे उभे असलेले रणगाडे अभ्यासक एकेक करून मोजतात. चांगल्या स्थितीतले आधी गेले, मग टी-६२ आणि अगदी टी-५४, टी-५५ सुद्धा बाहेर निघाले. निझ्नी तागील येथील कारखाना नवे टी-९०एम बनवतो, पण रशिया देत असलेल्या ‘उत्पादनाच्या’ आकड्यांत डागडुजी केलेली जुनी वाहनेही धरलेली असतात, हे विसरता कामा नये.

माणसांचा प्रश्न पैशाने सोडवला गेला. जुलै २०२४ मध्ये कंत्राटी सैनिकाला सही करताच केंद्राकडून मिळणारी रक्कम ४ लाख रूबल झाली. प्रांतांचे बक्षीस त्याहून वेगळे, मॉस्को शहरात तर ते १९ लाख होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात झालेल्या कायद्याने नव्याने भरती होणाऱ्याचे १ कोटी रूबलपर्यंतचे थकीत कर्ज माफ होऊ लागले. त्यामुळे दुसरी सक्तीची लामबंदी टळली. युक्रेनी सैन्य घुसलेल्या रशियाच्या कुर्स्क प्रांतात तर उत्तर कोरियाचे हजारो सैनिक लढले. २०२५ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे १३.५ लाख कोटी रूबल, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्क्यांहून अधिक, तरतूद होती. मे २०२४ मध्ये सर्गेई शोइगू यांच्या जागी अर्थतज्ज्ञ आंद्रेई बेलौसोव्ह संरक्षणमंत्री झाले, ते याच खर्चाला शिस्त लावण्यासाठी.

भारतासाठी हा विषय परक्याचा नाही. नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात रशियन आराखड्याची सुखोई-३० एमकेआय लढाऊ विमाने बांधली गेली. भूदलाची मदार टी-७२ आणि टी-९० या रशियन रणगाड्यांवर आहे. २०१८ मध्ये करार झालेल्या पाच एस-४०० हवाई संरक्षण संचांचा पुरवठा या युद्धामुळे लांबला. नोकरीच्या आमिषाने नेलेले काही भारतीय तरुण आघाडीवर पोचले आणि त्यांच्या सुटकेचा विषय जुलै २०२४ मधील पंतप्रधानांच्या मॉस्को भेटीतही निघाला.

भवितव्याबाबत तज्ज्ञांत एकमत नाही. सैन्याची मंजूर संख्या सप्टेंबर २०२४ च्या हुकमाने १५ लाखांवर नेली गेली, आणि फिनलंड नाटोत गेल्यावर त्याच्या सीमेकडचा लेनिनग्राड लष्करी जिल्हा पुन्हा स्थापन झाला. कागदावर हा मोठा विस्तार आहे. पण अनुभवी कनिष्ठ अधिकारी आणि छत्रीधारी दलाचे जुने जवान मोठ्या संख्येने गेले, ते काही वर्षांत भरून निघत नाहीत. शिवाय २०२२ च्या लामबंदी-हुकमामुळे कंत्राटी सैनिकाला मुदत संपली तरी घरी जाता येत नाही. तो हुकूम मागे घेतला, तर लाखो जण एकदम बाहेर पडू शकतात. कायम ठेवला, तर शांततेतही त्यांना युद्धकाळातले पगार द्यावे लागतील.