घरच्या बैठकीपासून ईआरजीपर्यंत

मोठ्या कंपनीत रुजू झालं की पहिल्याच आठवड्यात एचआरकडून एक यादी दाखवली जाते. महिलांचा गट, अपंग कर्मचाऱ्यांचा गट, एलजीबीटीक्यू कर्मचाऱ्यांचा गट, नव्याने आईबाप झालेल्यांचा गट. यांना एम्प्लॉयी रिसोर्स ग्रुप, थोडक्यात ईआरजी म्हणतात. यादी एचआर दाखवतं, त्यामुळे कल्पनाही त्यांचीच असेल असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ज्यांना कंपनीत नोकरी मिळाली पण जागा मिळाली नाही, अशा माणसांनी कामाचे तास संपल्यावर एकमेकांच्या घरी जमून हे गट सुरू केले. कंपनीने ते आपलेसे केले ते नंतर. ही सुरुवात विसरली की आजचे गटही नीट कळत नाहीत, असं मला वाटतं. म्हणून सुरुवातीवर थोडं रेंगाळतो.

न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टर हे 1960च्या दशकात खाऊनपिऊन सुखी असलेलं कारखान्यांचं शहर होतं. कोडॅक ही तिथली सर्वांत मोठी कंपनी. झेरॉक्सही तिथलीच. साध्या कागदावर प्रती काढणारं ‘914’ हे यंत्र तिने 1959 साली आणलं आणि ती झपाट्याने वाढली. कामाच्या शोधात दक्षिणेतून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांमुळे शहरातली त्यांची संख्या 1950 ते 1964 या काळात सुमारे चौपट झाली होती. कारखान्यांची दारं मात्र त्यांच्यासाठी जेमतेम किलकिली होती. 24 जुलै 1964च्या रात्री रस्त्यावरच्या एका नाचाच्या कार्यक्रमात पोलिसांनी एका माणसाला अटक केली आणि त्या ठिणगीने शहर तीन दिवस जळत राहिलं. गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांना नॅशनल गार्डचे सैनिक पाठवावे लागले. त्याच महिन्याच्या 2 तारखेला अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली होती. वंश, रंग, धर्म, लिंग आणि मूळ देश यांवरून नोकरीत भेदभाव करायला बंदी घालणारं त्यातलं सातवं प्रकरण वर्षभराने, जुलै 1965मध्ये, लागू झालं.

दंगलीनंतर रॉचेस्टरच्या चर्चसंस्थांनी शिकागोचे नामांकित संघटक सॉल अलिन्स्की यांना बोलावलं. त्यातून ‘फाइट’ नावाची संघटना उभी राहिली आणि धर्मोपदेशक फ्रँकलिन फ्लॉरेन्स तिचे अध्यक्ष झाले. मागणी साधी होती : आमच्या माणसांना नोकऱ्या द्या, शिकवण्याची जबाबदारीही घ्या. डिसेंबर 1966मध्ये कोडॅकच्या एका अधिकाऱ्याने दीड वर्षात 600 जणांना घेण्याच्या करारावर सही केली. काही दिवसांतच कंपनीने तो करार आपल्याला बांधील नसल्याचं जाहीर केलं. हा वाद पुढे देशभर गाजला. झेरॉक्सचे प्रमुख जोसेफ विल्सन यांनी दुसरी वाट धरली. ‘फाइट’शी बोलून त्यांनी प्रवेशचाचणी पार न करू शकणाऱ्यांसाठी प्रशिक्षणाची योजना काढली. 1968 साली त्यांनी आणि झेरॉक्सचेच दुसरे वरिष्ठ अधिकारी पीटर मॅकोलो यांनी कंपनीतल्या सगळ्या व्यवस्थापकांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांची भरती वाढवायला सांगितलं.

भरती झाली. खरी गोष्ट इथून सुरू होते.

विक्री विभागात माणसाची कमाई त्याच्या कौशल्याइतकीच त्याला मिळालेल्या भागावर अवलंबून असते. मोठ्या कचेऱ्यांचा भाग मिळाला तर टार्गेट सहज पूर्ण होतं. लहान, विखुरलेली गिऱ्हाइकं वाट्याला आली तर कितीही वणवण करा, आकडा गाठला जात नाही. झेरॉक्समधल्या कृष्णवर्णीय विक्रेत्यांची तक्रार हीच होती की चांगले भाग आपल्याला मिळत नाहीत आणि बढत्याही मिळत नाहीत. याहून बारीक, पण तितकीच नडणारी आणखी एक अडचण होती. कोणता भाग रिकामा होणार आहे, कोणत्या साहेबाच्या नजरेत भरायला हवं, बढतीच्या मुलाखतीत काय विचारतात, ही माहिती नियमांच्या पुस्तकात नसते. ती जेवणाच्या टेबलावर, संध्याकाळच्या गप्पांत, जुन्याकडून नव्याकडे जाते. त्या टेबलावर यांना बसायला कुणी बोलावत नव्हतं.

मग त्यांनी स्वतःचं टेबल मांडलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या विक्रेत्यांनी ‘बे एरिया ब्लॅक एम्प्लॉयीज’ हा गट काढला, वॉशिंग्टनमधल्यांनी ‘कॉर्पोरेट फ्यू’. यांना तेव्हा कॉकस म्हणत. हा राजकारणातला शब्द आहे, एका मताच्या लोकांनी आपली भूमिका ठरवायला भरवलेल्या बैठकीसाठीचा. या बैठकांत दोन गोष्टी चालत. एक, नव्या माणसाला तयार करणं : यंत्राची माहिती पाठ करून घेणं, गिऱ्हाइकापुढे कसं बोलायचं याची तालीम, मुलाखतीची तयारी. दुसरी, तक्रार एकेकट्याने न मांडता सगळ्यांनी मिळून वरपर्यंत नेणं. 1971 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या गटातल्या विक्रेत्यांनी कंपनीवर दावाही लावला. शिकवणं आणि भांडणं ही दोन्ही कामं एकाच गटात, एकाच माणसांच्या हातून होत होती. या इतिहासातलं सर्वांत मोलाचं मला हेच वाटतं, कारण पुढच्या काळात ही दोन कामं हळूहळू एकमेकांपासून तुटली.

कंपनीच्या वरच्या फळीने हे गट दडपले नाहीत, त्यांच्याशी बोलणी चालू ठेवली. ‘कॉर्पोरेट फ्यू’मधले बॅरी रँड पुढे झेरॉक्सच्या अगदी वरच्या पदांपर्यंत आणि 1999 साली एव्हिस या मोटारी भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या प्रमुखपदी पोचले. 1980 साली झेरॉक्समध्ये उन्हाळी इंटर्न म्हणून आलेल्या अर्सुला बर्न्स 2009मध्ये त्याच कंपनीच्या सीईओ झाल्या. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांच्या फॉर्च्युन 500 यादीतल्या कंपनीचं प्रमुखपद सांभाळणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. ईआरजीच्या इतिहासात झेरॉक्सचं नाव पहिलं घेतलं जातं ते या सगळ्यामुळे. टेलिफोन कंपन्यांतही त्याच सुमारास कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांचे गट तयार होत होते, हेही सांगायला हवं.

असे गट का लागतात याचं स्पष्टीकरण 1977 साली समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी दिलं. एका बड्या कंपनीचा बारकाईने अभ्यास करून त्यांनी दाखवलं की एखाद्या वर्गाची माणसं समूहात साधारण 15 टक्क्यांहून कमी असली की ती व्यक्ती राहत नाहीत, नमुना ठरतात. त्यांच्याकडे सगळ्यांचं सतत लक्ष असतं. त्यांची चूक त्यांच्या एकट्याची न राहता ‘या लोकांची’ होते. बाकीचे त्यांच्यासमोर आपापसातला फरक जरा जास्तच ठळक करतात. खोलीत एकटीच बाई किंवा एकटाच वेगळा माणूस म्हणून जो बसला आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कँटर यांचा मुद्दा असा की हे बहुधा कुणाच्या दुष्टपणातून घडत नाही, संख्येतून घडतं.

यानंतर कॉकसची पद्धत इतरांनी उचलली. 1978 साली ह्यूलेट-पॅकार्डमध्ये समलिंगी कर्मचाऱ्यांचा गट जमू लागला. 1987मध्ये एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत ‘लीग’ हा तसाच गट झाला. या गटांपुढची अडचण वेगळीच होती. कृष्णवर्णीय विक्रेत्याला आपण कोण हे जाहीर करावं लागत नव्हतं. इथे गटात नाव घालणं म्हणजेच सगळ्यांपुढे उघड होणं, आणि त्यांना नोकरीचं संरक्षण देणारा देशव्यापी कायदा नव्हता. तरीही त्यांनी मोठा बदल घडवून आणला. लोटस या सॉफ्टवेअर कंपनीतल्या समलिंगी कर्मचाऱ्यांनी पाठपुरावा केल्यावर 1991मध्ये त्यांच्या जोडीदारांनाही आरोग्यविम्यासारखे लाभ लागू झाले. विवाहाचा हक्क मिळायला तेव्हा दोन तपं बाकी होती.

1987 साली हडसन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचा एक अहवाल आला. येत्या काळात अमेरिकेत नव्याने कामाला लागणाऱ्यांत गोरे पुरुष कमी आणि स्त्रिया, अल्पसंख्य, स्थलांतरित जास्त असतील, असं त्याचं म्हणणं होतं. कंपन्यांची भाषा इथे बदलली. आतापर्यंत विषय न्यायाचा होता, आता तो मनुष्यबळाचा आणि बाजारपेठेचा झाला. ‘विविधता’ हा शब्द रूढ झाला तो याच काळात. 1995मध्ये आयबीएमचे प्रमुख लू गर्स्टनर यांनी आठ कृतिगट नेमले : स्त्रिया, कृष्णवर्णीय, आशियाई, हिस्पॅनिक, मूळ अमेरिकी, अपंग, समलिंगी आणि गोरे पुरुष. तुमच्या वर्गातल्या माणसांना इथे आपलं स्वागत होतंय असं वाटायला काय हवं, त्यांची उत्पादकता कशी वाढेल, याबरोबरच तुमच्या समाजाने आपला माल घ्यावा म्हणून काय करावं, हाही प्रश्न त्या गटांपुढे ठेवला होता. घरातल्या बैठकीत हा प्रश्न कुणी विचारला नसता.

नावंही बदलत गेली. कॉकसचं नेटवर्क झालं, मग अफिनिटी ग्रुप, मग एम्प्लॉयी रिसोर्स ग्रुप, आणि पुढे काही ठिकाणी बिझनेस रिसोर्स ग्रुप. पहिल्या नावात मागणी होती. शेवटच्या नावात गट हा कंपनीला उपयोगी पडणारा स्रोत आहे. हे सगळं वाईटच झालं असं मी म्हणणार नाही. फ्रिटो-ले कंपनीच्या लॅटिनो गटाने ग्वाकामोले (अ‍ॅव्होकाडोची चटणी) चवीचे डोरिटोस चिप्स बाजारात आणायला मदत केली आणि ते जोरात खपले. त्यामुळे अशा गटांना वरिष्ठांच्या दारात मान मिळाला, निधी मिळाला. पण आपलं म्हणणं ऐकलं जावं यासाठी आधी काही विकून दाखवावं लागत असेल, तर विकण्यासारखं काही हाती नसलेल्या गटाचं काय, हा प्रश्न उरतोच.

मागणीचा सूर मंदावण्यामागे कायदाही आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. 1930च्या दशकात अनेक अमेरिकी कंपन्या खऱ्या कामगार संघटना येऊ नयेत म्हणून स्वतःच्या ‘घरच्या’ संघटना काढत. 1935च्या कामगार कायद्याने त्यावर बंदी आणली. मालकाच्या पैशावर आणि मर्जीवर चालणाऱ्या गटाने कामगारांच्या वतीने पगार, तास, कामाच्या अटी यांवर मालकाशी देवाणघेवाण करायची नाही. 1992 साली इलेक्ट्रोमेशन या कंपनीने नेमलेल्या कर्मचारी समित्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने याच कारणाने बेकायदा ठरवल्या. तेव्हापासून कंपन्यांचे वकील ईआरजींना बजावतात की अनुभव सांगा, माहिती द्या, सूचना करा, पण वाटाघाटी नकोत. म्हणजे कंपनीचा निधी घेतलेल्या गटाला पगाराच्या तफावतीवर बोलताना जीभ चावावी लागते.

गट कुणाचा असू शकतो यावरही वाद झाले. जनरल मोटर्सने ख्रिस्ती कर्मचाऱ्यांच्या गटाला मान्यता नाकारली तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. 2005मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, कारण तिने कोणत्याही धार्मिक भूमिकेचा गट मान्य केलेला नव्हता, सगळ्यांना सारखाच नकार होता. फोर्डने सर्व धर्मांचा मिळून एक गट मान्य केला.

‘आपलेपणा’ हा शब्द या इतिहासात सर्वांत उशिरा आला. मानसशास्त्रज्ञ रॉय बॉमायस्टर आणि मार्क लिअरी यांनी 1995 साली मांडलं की कुणाशी तरी जोडलेलं असणं ही माणसाची मूलभूत गरज आहे. मेरिलिन ब्रूअर यांनी 1991मध्येच म्हटलं होतं की माणसाला सामावून जायचं असतं आणि त्याच वेळी वेगळंही राहायचं असतं. 2011मध्ये लिन शोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दोन धागे जोडून समावेशनाची व्याख्या केली : आपला मानलं जाणं आणि आपलं वेगळेपण मोलाचं ठरणं, दोन्ही एकाच वेळी. वेगळेपण सोडल्यावरच आपलं मानलं जात असेल तर ते समावेशन नव्हे, विरघळून जाणं आहे. कंपन्यांच्या पत्रकांत ‘आपलेपणा’ येतो तेव्हा व्याख्येचा दुसरा अर्धा भाग बऱ्याचदा गाळलेला असतो, याची मला खंत वाटते.

गटांचा उपयोग होतो का? रे फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998मध्ये कृष्णवर्णीय व्यवस्थापकांच्या गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गटातल्या लोकांना आपल्या पुढच्या वाटचालीबद्दल अधिक आशा वाटत होती आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे गटामुळे त्यांना मार्गदर्शक मिळत होते. जेवणाच्या टेबलावरची तीच माहिती, दुसऱ्या वाटेने.

हे काम करणाऱ्यांना त्याचा मोबदला नव्हता. नेमून दिलेलं काम संपवून, स्वतःच्या वेळात, तेही ज्यांना आधीच कमी संधी आहे अशांनी सगळ्यांसाठी राबायचं, अशी ही रीत अनेक वर्षं चालली. 2020 साली ट्विटरने आणि 2021मध्ये लिंक्डइनने गटप्रमुखांना पैसे द्यायचं जाहीर केलं. लिंक्डइनचा आकडा वर्षाला 10,000 डॉलर होता. त्याआधी 2017मध्ये डिलॉइट या सल्लागार कंपनीने अमेरिकेत स्त्रियांचे आणि इतर वर्गांचे स्वतंत्र गट टप्प्याटप्प्याने बंद करून सर्वांच्या एकत्र परिषदा आणायचं ठरवलं होतं. बदल हवा तर ज्यांच्या हाती सत्ता आहे तेही खोलीत हवेत, असा त्यामागचा विचार. तो चुकीचा नाही. पण तेच खोलीत असताना काही गोष्टी बोलल्या जात नाहीत, हेही तितकंच खरं.

मार्च 2025मध्ये अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाने आणि न्याय खात्याने मिळून मार्गदर्शन काढलं : कंपनीच्या अशा गटाचं सदस्यत्व विशिष्ट वंशाच्या किंवा लिंगाच्या कर्मचाऱ्यांपुरतंच ठेवणं हा बेकायदा भेदभाव ठरू शकतो. अनेक गटांनी ‘सहयोगी’ म्हणून सर्वांना दार आधीच उघडं केलेलं होतं, त्यांना फारसं काही बदलावं लागलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या विक्रेत्यांना असा नियम आडवा आला नसता, कारण त्यांची बैठक कंपनीच्या खोलीत नव्हती, कंपनीच्या खर्चाने नव्हती आणि बोलवायचं कुणाला हे घराचा मालक ठरवत होता.